गुलाबाच्या वासाचं करडू

अत्तरकाकांना गल्लीतली माणसं डोळे मिटूनही ओळखायची. ते कोपऱ्यावर वळले, की दारात खुर्ची टाकून बसलेला एखादा म्हातारा मान न वळवताच म्हणायचा, "आले." आधी वास यायचा, मागून काका यायचे. काका घरात जाऊन चहाला बसले तरी वास गल्लीत रेंगाळायचा आणि चार घरची विचारपूस करून मगच घरी परतायचा.

हे अत्तर त्यांनी हौसेने कधी लावलं नव्हतं. साबणाच्या कारखान्यात, वास मिसळायच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. मोठ्या हौदात साबणाचा गरम लगदा घुसळला जायचा आणि योग्य वेळ आली की काका त्यात मापाने गुलाबाचं तेल सोडायचे. त्या तेलाचं खऱ्या गुलाबाशी नातं म्हणाल, तर लग्नात मध्येच गाठून "ओळखलंस का मला?" विचारणाऱ्या पाहुण्याचं आपल्याशी असतं तेवढंच. चिवटपणा मात्र सख्ख्या नातलगाचा. ते तेल कातडीत मुरलं, केसांत शिरलं, नखांच्या कोपऱ्यांत बिऱ्हाड करून बसलं. बसमध्ये शेजारची माणसं हुंगून इकडेतिकडे बघायची. बागेत बसले तर मधमाश्या कानाशी येऊन चौकशी करायच्या. एकदा ते कारखान्यातून थेट एका नातलगाच्या मयताला गेले. चेहरा पडलेला, डोळ्यांत खरं पाणी आणि अंगाला नवरदेवासारखा घमघमाट. मयताच्या भावाने पुढे कित्येक वर्षं अबोला धरला.

गंमत अशी, की गल्लीभर पसरलेला हा वास एकाच नाकाला येत नसे आणि ते नाक काकांचं होतं. तेलाच्या पिंपांवर वाकून वाकून त्यांच्या नाकाने निवृत्तीच्या कितीतरी आधी राजीनामा दिला होता. "काही करपल्यासारखा वास येतोय का हो?" असं काकूंनी विचारलं की ते "हो, येतोय" म्हणायचे. नवऱ्याला हो म्हणायला नाक लागत नाही.

निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, देवधर्म करतात, नाहीतर दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालतात. काकांनी शेळ्या घ्यायचं ठरवलं.

कारखान्यात असताना त्यांच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून आवारातला उतार दिसायचा. नुसता काटेरी झुडपांनी भरलेला. तिथे यंत्र उभं राहत नव्हतं आणि माणूस उभा राहायला तयार नव्हता. म्हणून वर्षातून एकदा शेळीवाल्या मावशींना बोलावणं जायचं. मावशी आपला कळप घेऊन यायच्या आणि उताराखाली दगडावर बसून राहायच्या. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून, काटे ओठांनी बाजूला सारत, एखाद्या चोखंदळ बाईने भाजी निवडावी तसा पाला निवडून खायच्या. चार-सहा दिवसांत उतार मोकळा. वर लेंड्यांचं खत फुकट. काका जेवणाचा डबा हातात धरून खिडकीशी उभे राहायचे आणि डबा तसाच राहायचा.

"आपण एवढी वर्षं काय केलं?" ते एकदा सोबत्याला म्हणाले. "जे बनवलं ते लोकांनी अंगाला चोळलं आणि मोरीत सोडून दिलं. आपल्या हातची एक वडी तरी आहे का कुठे शिल्लक?"

"शिल्लक राहिली असती तर कारखाना बंद पडला असता," सोबती म्हणाला. तो हिशेबी माणूस होता.

पण काकांच्या मनात ते राहून गेलं. साबण रोज झिजतो. त्यांना रोज थोडं थोडं वाढणारं काहीतरी हवं होतं.

आता शेळीसारखा उपयोगी आणि शेळीसारखा बदनाम प्राणी आपल्या भाषेत दुसरा नसेल. भित्रा माणूस शेळपट. दुसऱ्याचं पाप ज्याच्या मानेवर येतं तो बळीचा बकरा. गबाळ्या माणसाला अजागळ म्हणतात; अजा म्हणजे शेळी, तेव्हा त्या शब्दातही बिचारीचाच गळा अडकलेला. बसल्या जागेवरून हुकूम सोडणारा उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणजे तिथेही बसायला मान उंटाचा आणि हाकून घ्यायला ही. जिवानिशी गेली तरी खाणारा म्हणतो, वातड. तिचं दूध तान्ह्या पोरांना पाजायचं, लेंड्या शेतात टाकून पीक उभं करायचं, केसांचे दोर वळायचे, कातडं ढोलाला ताणून वराती काढायच्या आणि शिवी द्यायची वेळ आली की नाव पुन्हा तिचंच. माणूस इतका कृतघ्न फक्त शेळीशी आणि बायकोशीच वागला असेल.

बायकोचं म्हणणं पहिल्या दिवशीच स्पष्ट होतं.

"आणा," काकू म्हणाल्या. "पण मी त्या गोठ्यात पाऊल टाकणार नाही. मूत, लेंड्या, दूध, दुखणं, सगळं तुमचं तुम्ही. आणि एक लक्षात ठेवा. माझ्या दारात एक जरी करडू मेलं, तरी शेळ्या त्याच दिवशी मावशींकडे परत. मग रडायचं नाही."

"मरेल कशाला?"

"मरतात," एवढंच म्हणून काकू आत गेल्या. काकांना वाटलं, ही घाण नको म्हणून अटी घालतेय. काकूंचे वडील एके काळी शेळ्या पाळायचे, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण काकू त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या आणि काकांनी कधी विचारलं नव्हतं. संसारात असे काही कप्पे असतात. ते उघडत नाहीत म्हणून आपण ते रिकामे आहेत असं धरून चालतो.

घरामागच्या मोकळ्या जागेत काकांनी फळ्यांचा गोठा उभा केला. मावशी दोन शेळ्या घेऊन आल्या. एक ठिपक्यांची, बावळट आणि गोड. दुसरी करडी, पोटुशी, भारदस्त. तिने आल्या आल्या कुंपण तपासलं, पाण्याची बादली हुंगून नापसंत केली, काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोठ्यातला सगळ्यांत कोरडा कोपरा पकडून रवंथ करत बसली.

"घराची कारभारीण आली म्हणायची," मावशी हसल्या.

तेच नाव पडलं. बायकोलाही लोक कारभारीण म्हणतात याचा विचार कुणी केला नाही. परिणाम व्हायचे ते झाले. समोरच्या शिंप्याने एकदा काकांना काकूंची तब्येत विचारली, तर काका आपल्याच नादात म्हणाले, "कारभारीण ना? मजेत आहे. सकाळपासून कुंपण खातेय."

काका त्या दिवसांत सुखात होते. पहाटे उठून ते तुतीचा पाला आणायचे, गोठा झाडायचे, लेंड्या पोत्यात भरून भाजीवाल्याच्या मळ्यावर पोचवायचे. तो मूठभर लेंड्या हातात घेऊन सोन्यासारख्या बघायचा. काका कारभारणीच्या पोटावर हात ठेवून बसायचे. आतून एखादी लाथ आली की गल्लीत जाऊन सांगून यायचे.

आणि मग ती व्याली.

सकाळी उन्हं वर आल्यावर कळा सुरू झाल्या. काका गोठ्यातच ठाण मांडून होते. पहिलं करडू अगदी सहज बाहेर आलं. कारभारणीने त्याला चाटून कोरडं केलं, घशातल्या घशात त्याच्याशी काहीतरी हलकंसं घुमत राहिली आणि ते धडपडत उठलं. ती त्याच्यातच गुंतलेली असताना मागून दुसरं आलं. गवतावर पडलं ते तसंच पडून राहिलं. तोंडावर पातळ पडदा. हालचाल नाही. आईचं लक्ष नाही.

मरतात, असं काकू म्हणाल्या होत्या. त्यांनी धावत जाऊन घरातल्या पेटीतून हाताला लागला तो टॉवेल आणला, बोटांनी करडाच्या नाकातोंडावरचा पडदा ओढून काढला आणि त्याला खसाखसा पुसायला सुरुवात केली. छाती चोळली, पाठ चोळली, पाय चोळले. "ऊठ रे, ऊठ माझ्या राजा," असं काहीतरी ते बडबडत होते. आणि करडू चक्क शिंकलं. एकदा शिंकलं, दोनदा शिंकलं, डोकं झटकलं आणि श्वास घ्यायला लागलं.

काका गोठ्यातून जे सुटले ते थेट रस्त्यावर.

"कारभारीण व्याली!" ते ओरडले. "जुळं झालं! दोन्ही सुखरूप!"

समोरचा शिंपी गळ्यात टेप तशीच अडकवून बाहेर आला. काकूंचं वय त्याला अंदाजाने ठाऊक होतं. त्याने बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाला, "अभिनंदन हो काका. पण... काकू तर आत्ता समोरून भाजी घेऊन गेल्या की."

गल्लीतलं हसणं ओसरल्यावर काका परत आले तेव्हा दुसरं करडू उभं राहिलं होतं. काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा, पाय चारी दिशांना. ते लटपटत आईच्या कासेशी गेलं. कारभारणीने मान वळवली, त्याला हुंगलं आणि डोक्याने अशी ढुशी दिली की ते फळीवर जाऊन आदळलं.

काकांना वाटलं, चुकून झालं असेल. त्यांनी त्याला उचलून पुन्हा कासेशी लावलं. पुन्हा ढुशी. आणखी एकदा लावलं. कारभारणीने कान मागे टाकले आणि या वेळी नेम धरूनच मारली. पहिलं करडू मात्र शेपूट हलवत मजेत पीत होतं. काका हबकून मावशींकडे पळाले.

मावशी आल्या, गोठ्याच्या दारात थबकल्या आणि नाकाला हात लावला.

"भाऊ, वास येतोय तुमच्या अंगाला."

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. "येतोय ना? शेळीचा?"

"शेळीचा कुठला! गुलाबाचा. आणि त्या पोरालाही तोच येतोय. काय चोळलंत त्याला?"

टॉवेल काकांनी पुढे केला. कारखान्याने निरोप समारंभात दिलेला होता तो, वर कारखान्याचं नाव विणलेला. तेव्हापासून पेटीत साबणाच्या वड्यांवर पडून होता. मावशींनी तो हुंगला आणि पटकन लांब धरला.

"शेळी डोळ्यांनी पोर ओळखत नाही हो. नाकाने ओळखते. ओलं पोर चाटते, तेव्हा तिच्या नाकात ते कायमचं बसतं. हे तिने चाटलंच नाही. तुम्हीच आधी पुसून घेतलंत, वर फुलांचा वास फासलात. तिच्या लेखी हे पोर नाही, फुलदाणी आहे."

"मी पुसलं नसतं तर ते मेलं असतं, मावशी."

"ते खरंच आहे," मावशी म्हणाल्या आणि जराशा नरमल्या. "तुम्ही त्याला जगवलंत हे खरं. पण आता तिने घेतलं नाही तर जगायचं कसं?"

मावशींनी मीठ मागवलं. करडाच्या अंगाला मीठ चोळलं की शेळी चाटते आणि चाटता चाटता लळा लागतो, असा त्यांचा अनुभव होता. कारभारणीने मीठ अगदी आवडीने चाटलं. मानेवरचं चाटलं, पाठीवरचं चाटलं, पायांवरचं शेवटचा कण संपेपर्यंत चाटलं. आणि मग ढुशी मारली.

"खाल्ल्या मिठाला तरी जागायचं!" मावशी हताश होऊन म्हणाल्या.

बाटली आणली. करडाला बाटलीचं रबरी बोंड चोखता येईना. चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, चमच्याने पाजून पाहिलं. काकांनी घाईघाईने चमचा असा उलटा केला की ते घशात जायच्याऐवजी भलतीकडेच गेलं आणि करडू खोकून खोकून बेजार झालं. मावशींना दुसऱ्या गावी लेकीकडे निघायचं होतं, गाडीची वेळ झाली होती. "चीक पोटात गेला पाहिजे, भाऊ. आजच गेला पाहिजे," असं सांगून त्या जड पावलांनी निघाल्या.

काका गोठ्यात बसले. करडू त्यांच्या मांडीत गोळा होऊन पडलं होतं. त्याचं अंग हळूहळू गार पडतंय, हे समजायला नाक लागत नव्हतं. उभ्या आयुष्यात आपल्या हातून एकच गोष्ट जगली आणि तीही आपल्याच हाताच्या वासाने मरायला टेकली. शेळ्या परत जातील त्याचं काकांना आता काही वाटत नव्हतं. हे एवढंसं काळं जगावं, एवढंच.

"ठेवा ते खाली."

दारात काकू उभ्या होत्या. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, एका हातात कोमट पाण्याचं भांडं.

"खाली ठेवा म्हटलं ना. आणि बाहेर व्हा. जितका वेळ धराल तितका तुमचा वास त्याला लागेल."

"तू तर गोठ्यात..."

"बाहेर!"

काका फळ्यांच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. फटीतून दिसत होतं तेवढं बघत राहिले. काकूंनी करडाला कोमट पाण्याने धुऊन घेतलं, साबण नाही, काही नाही. कारभारणीची वार, म्हणजे करडांमागून येणारी पिशवी, नुकतीच पडली होती. काकूंनी तोंड वाकडं न करता ती दोन्ही हातांनी उचलली आणि करडाच्या अंगावरून, डोक्यावरून, शेपटीखालून फिरवली. मग शेळीला आखूड दोराने खांबाला बांधलं, आपल्या गुडघ्याने तिची कूस फळीशी दाबली, एका हाताने तिचा मागचा पाय धरला आणि दुसऱ्या हाताने करडाचं तोंड सडाला लावलं. आधी दोन थेंब त्याच्या ओठांवर पिळले. करडाने ओठ हलवले. पुन्हा दोन थेंब. कारभारणीने सुटायची धडपड केली, काकू ढिम्म हलल्या नाहीत. दोन कारभारणी एकमेकींना जोखत होत्या.

मग फळीपलीकडून चुटुक चुटुक आवाज यायला लागला. काकांनी फळीला कपाळ टेकलं.

"पितोय?"

"पितोय. ओरडू नका."

"तुझ्या हाताला वास नाही येत?"

"कसला येणार? तुमच्या त्या गुलाबाने माझं डोकं उठतं म्हणून मी धुण्याचा साधा साबण लावते, तो बिनवासाचा. किती वर्षं झाली. तुम्हाला कधी कळलंय का?"

कळलं नव्हतं. कळायला नाक नव्हतं आणि विचारायचं सुचलं नव्हतं.

काकूंनी करडाचं तोंड दुसऱ्या सडाला लावलं. नुसता दूध ओढल्याचा आवाज. मग काकूच बोलल्या. मध्ये फळी होती म्हणूनच बहुधा बोलल्या.

"शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. घरी बोकड होता ना. त्याचा वास कपड्यांत बसायचा, केसांत बसायचा. पोरी मला 'बें' म्हणायच्या. मास्तर हजेरी घ्यायचे, माझं नाव आलं की मागून कुणीतरी बें करायचं." त्या थांबल्या. "करडं मेली की अप्पा मलाच सांगायचे, कुंपणापाशी पुरून ये. तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की या वासाच्या वाऱ्याला उभी राहणार नाही. मग तुमचं स्थळ आलं. आई म्हणाली, पगार बरा आहे. मी म्हटलं, पगार राहू दे, वास बघ."

काका चाट पडले. "म्हणजे तू मला वासावर पसंत केलंस?"

"मग काय, रूपावर?"

"आणि मग?"

"मग काय. पहिलं वर्ष स्वर्ग. दुसऱ्यापासून डोकेदुखी."

काका हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. जिने शेळ्यांपासून पळून त्यांच्याशी लग्न केलं, तिच्याच दारात त्यांनी शेळ्या आणून बांधल्या होत्या. आणि ती आता त्यांच्याचसाठी गोठ्यात गुडघे टेकून बसली होती.

त्यानंतरचे काही दिवस काकांना गोठाबंदी होती. काकू दिवसातून कितीतरी वेळा आत जायच्या, शेळी बांधायच्या, करडू लावायच्या, सोडायच्या. सोडलं की ढुशीचा आवाज यायचा, आणि बाहेर पाला तोडणाऱ्या काकांच्या बरगडीत कळ यायची. त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी राखेने अंग घासलं. चिखल थापला. शेवटी एका दुपारी लेंड्या पाण्यात कालवून हात-पाय-मान माखून घेतली आणि उन्हात वाळत उभे राहिले.

काकू बाहेर आल्या, दोन पावलं जवळ आल्या आणि त्यांनी हुंगून पाहिलं.

"गेला का?" काकांनी आशेने विचारलं.

"कुठला जातोय! आता गुलाबाच्या लेंड्यांचा येतोय." आणि काकू हसत सुटल्या. इतक्या, की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. अशा हसताना काकांनी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. लेंड्यांनी माखलेला तो माणूस स्वतःवर खूश होऊन तसाच उभा राहिला.

"असं करून काही होत नसतं," हसणं आवरून त्या म्हणाल्या. "तिचं दूध याच्या पोटातून फिरून बाहेर यायला लागलं, की मागून तिचाच वास यायला लागेल. शेळी पोराला मागूनच हुंगते. तेवढं थांबायचं फक्त. तुम्ही पाणी भरा."

म्हणून काका पाणी भरत होते, तेव्हा एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की ढुशीचा आवाज आला नाही. काकूंनी शेळी सोडल्याचं त्यांनी ऐकलं होतं, दोर खांबावर आपटला होता. पुढचा धप्प आवाज मात्र येईना. बादली भरून वाहायला लागली तरी काका नळाशी कान देऊन उभे.

मग तो आवाज आला. घशातल्या घशात, अगदी हलका, पहिल्या करडाशी ती जसा घुमायची तसा.

काका धावले आणि दारात आपणहून थांबले. आत कारभारीण सुटी उभी होती. काळं करडू कासेखाली शिरून शेपूट गरागरा फिरवत होतं. ती मान वळवून त्याची ती फिरणारी शेपूट हुंगत होती, एकदा, पुन्हा, पुन्हा; आणि मग तिने चाटायला सुरुवात केली. एवढे दिवस राहून गेलेलं सगळं चाटणं तिने बहुतेक त्याच बैठकीत उरकलं. काकू कोपऱ्यात गवतावर बसल्या होत्या. त्यांच्या केसांत पाला होता आणि गुडघ्यांवर लेंड्यांचे डाग.

"बघताय काय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पाणी आणा. पाजणाऱ्या बाईला तहान लागते."

काकांनी बादली आणून उंबऱ्याबाहेर ठेवली.

"आत आणा की."

"माझा वास..."

"आता नाही ती बिचकायची. या."

ते आत गेले. कारभारणीने बादलीत तोंड घातलं, पिता पिता एकदा डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागली. काकांना आयुष्यात इतक्या सहज कुणी माफ केलं नव्हतं. मयताच्या भावाला तर कित्येक वर्षं लागली होती.

काकांना काहीतरी बोलायचं होतं. निरोप समारंभात त्यांनी मोठ्या साहेबापासून हौद घुसळणाऱ्या यंत्रापर्यंत सगळ्यांचे आभार मानले होते, टाळ्याही झाल्या होत्या. इथे मात्र शेवटी ते काकूंच्या शेजारी गवतावर बसले आणि त्यांच्या केसांतला पाला एकेक करून काढायला लागले. काकूंनी काढू दिला.

"तू होतीस म्हणून," एवढंच ते म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "ठिपकीही गाभण वाटतेय. त्या वेळी तुम्ही गल्लीच्या पार त्या टोकाला जाऊन बसायचं."

शेळ्या राहिल्या. गोठ्याची मालकी बदलली, एवढंच. आत काकू, बाहेर काका. दूध काकू काढतात, घरोघर काका पोचवतात. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या सुनेला बाळंतपणानंतर दूध उतरलं नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून तिच्या बाळाला कारभारणीचं दूध लागलं. ते बाळ आता चांगलं गुटगुटीत झालंय आणि काकांना बघून नाक उडवतं. भाजीवाला खत न्यायला स्वतः येतो आणि जाताना कोबीची वरची पानं ठेवून जातो. काका प्रत्येकाला सांगतात, "माझं काही नाही हो, सगळं कारभारणीचं." कुठल्या, ते कुणी विचारत नाही. दोघींनाही लागू पडतं.

उरला एक प्रश्न, आणि त्याला काकूंकडेही उपाय नाही. काळ्या करडाने या जगात पहिला श्वास घेतला, तो त्या टॉवेलातून. दूध त्याने आईचं घेतलं, ढुश्या आईच्या खाल्ल्या, पण त्याच्या नाकात पहिल्यांदा जो बसला तो बसलाच. काका गोठ्यासमोरून गेले, की दुसरं करडू आईला चिकटून राहतं आणि हे कुंपणाच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतं. काका दूध घालायला निघाले, हे मागे. काका शिंप्याकडे बटण लावायला गेले, हे यंत्राखाली. हल्ली कोपऱ्यावरचा म्हातारा मान न वळवताच म्हणतो, "आले दोघं."

परवा काका फेरी संपवून घरी आले. पायाशी करडू, दोघांच्याही पायांना चिखल. करडू त्यांच्या आधीच उंबऱ्यावर चढलं. काकूंनी आतून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि पायपुसणं पायाने दाराशी सरकवलं.

"आत यायचं असेल तर पाय पुसून या," त्या म्हणाल्या. "दोघंही."